पाण्यावरील उडीसाठी नौका कशी निवडावी?

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या मार्गावर बेटमा हे गाव लागते. काळी जमीन, सोयाबीन व गहू यांची शेते आणि पावसाळ्यात भरून वाहणारे ओढे-नाले असा हा माळव्याचा प्रदेश आहे. समुद्र येथून पुष्कळ दूर. अशा ठिकाणी नौकेच्या आकाराची चर्चा करणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु याच रस्त्याने आणखी पश्चिमेस गेले म्हणजे जी धारानगरी लागते, तेथील अकराव्या शतकातील राजा भोज याच्या नावावर ‘युक्तिकल्पतरु’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ मोडतो, आणि त्या ग्रंथात नौकांची लांबी, रुंदी व उंची यांचा विचार मोठ्या काटेकोरपणे केलेला आहे. त्यात नौकांचे सामान्य व विशेष असे दोन वर्ग केले आहेत. सामान्य वर्गातील बहुतेक नौकांची रुंदी लांबीच्या निम्मी. तर विशेष वर्गातील ‘दीर्घा’ जातीच्या नौकांची लांबी रुंदीच्या आठपट. शिवाय भीमा, भया, गर्भरा, लोला, गामिनी, प्लाविनी अशी काही मापे संकटास कारण होतात, असा इशाराही त्या ग्रंथाने देऊन ठेवला आहे. नौकेचे भवितव्य तिच्या मापावर अवलंबून असते, ही गोष्ट समुद्रापासून दूर असलेल्या माळव्यात फार पूर्वीच ओळखली गेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आज त्याच विचाराची गरज एका अगदी नव्या जातीच्या नौकेच्या बाबतीत पडू लागली आहे. गोव्यास कळंगुट किंवा बागा येथे, अथवा सिंधुदुर्गात मालवण-तारकर्ली येथे सहलीस गेलेल्यांनी पाण्यावर मोटारसायकलीसारखी धावणारी वाहने पाहिली असतील. ती बसून चालवावयाची असतात. परंतु या जातीचे मूळ रूप उभ्याने चालवावयाचे आहे. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटारसायकलपटूने 1960 नंतरच्या दशकात या वाहनाची कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि 1973 साली कावासाकी या जपानी कारखान्याने ते ‘जेट स्की’ या नावाने बाजारात आणले. पुढे 1990 साली यामाहा कारखान्याची ‘सुपरजेट’ निघाली. वस्तुतः जेट स्की हे एका कारखान्याचे व्यापारी नाव. पण डालडा या नावाप्रमाणे ते आता सर्व जातीला लागले आहे.

उभ्या जेट स्कीवर एकच माणूस स्वार होतो. मागील बाजूस पाय ठेवण्यासाठी एक खोलगट जागा असते, आणि पुढून बिजागरीवर वरखाली होणारा एक दांडा येतो, त्याच्या टोकास मूठ असते. पाण्यात फिरणारा उघडा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, बंदिस्त पंख्याने त्याला जोर मिळतो व मागच्या तोटीतून ते झोताने बाहेर पडते. त्या झोताच्या प्रतिक्रियेने नौका पुढे जाते, आणि तोटी डावी-उजवीकडे वळविली की नौका वळते. यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. या नौकेला साध्या होडीसारखे सुकाणू नाही. झोत हेच तिचे सुकाणू. घाबरून वेगाचा खटका सोडून दिला की झोत थांबतो आणि नौका वळेनाशी होते. ती सरळच पुढे जात राहते. नवशिक्यांचे पुष्कळ अपघात या एका अज्ञानातून होतात.

या वाहनाचे दोन उपयोग येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिला स्वैर विहार, म्हणजे शर्यतीची आखलेली वाट न धरता लाटा, वळणे व उड्या यांचा आनंद घेणे. दुसरा, चालत्या मोटारबोटीच्या मागे जी लाट उठते तिच्यावरून उडी घेणे. शांत तलावात नैसर्गिक लाट नसते, म्हणून तेथे बोटीमागची लाट हीच उडीची पायरी होते. या दोन्ही कामांसाठी इंजिनापेक्षाही अधिक महत्त्व नौकेच्या धडाला आहे. धड म्हणजे पाण्याला टेकणारा तळ, बाजू आणि नाळ मिळून होणारे नौकेचे अंग. इंजिन बदलता येते, पंखा बदलता येतो. धड चुकले तर मात्र सारी नौकाच चुकली.

प्रथम लांबी व रुंदी. यामाहाच्या जुन्या, दोन टप्प्यांच्या इंजिनाच्या सुपरजेटची लांबी सुमारे 2.24 मीटर, रुंदी 0.68 मीटर आणि कोरडे वजन सुमारे 139 किलो होते. 2021 साली तिची जागा चार टप्प्यांच्या इंजिनाच्या नव्या सुपरजेटने घेतली. तिची लांबी 2.43 मीटर, रुंदी 0.76 मीटर व वजन सुमारे 170 किलो झाले. कावासाकीची 2017 साली आलेली चार टप्प्यांची ‘एसएक्स-आर’ त्याहून मोठी, म्हणजे 2.66 मीटर लांब व 250 किलो वजनाची. भोजाच्या ग्रंथातील ‘दीर्घा’ नौकांशी तुलना केली तर या सर्व नौका आखूड व रुंदच म्हणाव्या लागतील. त्यांची लांबी रुंदीच्या तिप्पट-साडेतिपटीच्या आसपासच भरते. परंतु त्या तिघींतील फरकही पाण्यावर फार मोठा ठरतो.

लांब धड दोन लाटांमधील खळगा ओलांडून जाते, सरळ रेषेत टिकते आणि खवळलेल्या पाण्यात कमी आपटते. म्हणून शर्यतीसाठी व लांबच्या फेरीसाठी ते चांगले. आखूड धडाची नाळ खटका दाबताच चटकन वर उचलली जाते, ते थोड्या जागेत वळते व हवेतही सहज फिरविता येते. उडी मारणाऱ्याला हेच गुण हवे असतात. केवळ कसरतींसाठी जी खास धडे बनवितात, ती मूळ सुपरजेटहूनही आखूड असतात. मात्र अशा धडावर सरळ, वेगाने जाऊ लागले की त्याची नाळ वरखाली डोलू लागते. जो गुण उडीच्या क्षणी उपयोगी पडतो तोच सरळ चालीत दोष ठरतो, आणि नौकेच्या निवडीत असे प्रसंग पदोपदी येतात.

रुंदीचेही असेच आहे. कोकणातील मच्छिमार अरुंद होडीला एका बाजूस लाकडाची उलांडी बांधतात. होडी कलंडू नये म्हणून. जेट स्कीला उलांडी नसते. तिचा तोल तिच्या रुंदीवर आणि चालकाच्या पायांवर राहतो. रुंद धडावर नवशिका लवकर उभा राहू शकतो. अरुंद धड कुशीवर झटकन झुकते व वळणात पाण्याला धरून ठेवते, पण संथ गतीत ते सतत डगमगत राहते. शिकणाऱ्याने सुरुवातीलाच अरुंद धड घेतले तर पहिले काही आठवडे पाण्यात पडण्यातच जातात, आणि पुष्कळांचा उत्साह तेथेच मावळतो.

आता तळाचा आकार पाहू. तळ अगदी सपाट असेल तर नौका लवकर पाण्याच्या पृष्ठावर येते व घसरत चालते. पण उडीनंतर खाली येताना तो सपाट तळ फळीसारखा पाण्यावर आदळतो. तळ मध्ये कोन करून दोन्हीकडे वर चढत गेलेला असेल तर तो पाण्यात शिरत शिरत थांबतो. या दोहोंतील फरक किती, हे साध्या गणिताने कळते. नौका, चालक व इंधन मिळून सव्वादोनशे किलो वजन एक मीटर उंचीवरून पडले आणि पाण्याला टेकल्यावर 10 सेंटिमीटरांत थांबले, तर त्यावर येणारा सरासरी दाब त्याच्या वजनाच्या अकरापट, म्हणजे सुमारे अडीच टन होतो. तेच वजन 25 सेंटिमीटरांत थांबले तर दाब पाचपट, म्हणजे सुमारे अकराशे किलो राहतो. पंधरा सेंटिमीटरांचा हा फरक तळाच्या कोनाने मिळतो, तसाच चालकाच्या वाकविलेल्या गुडघ्यांनीही मिळतो. ताठ पायांनी खाली येणाऱ्याचे घोटे, गुडघे व कंबर यांना हा हिशेब लवकरच कळून येतो.

परंतु कोन अधिक म्हणजे सर्वच चांगले, असेही नाही. फार कोनाचा तळ थांबलेला असताना डगमगतो आणि पृष्ठावर येण्यास अधिक जोर मागतो. म्हणून बहुतेक चांगल्या धडांत मधला मार्ग काढलेला असतो. तळ व बाजू जेथे मिळतात तेथील कडाही पाहावी. कड धारदार असेल तर वळताना ती पाण्यात रुतून नौकेला धरून ठेवते. पण उडीनंतर नौका किंचित आडवी पडली तर तीच कड पाण्यात अडकून चालकाला उलथवून टाकते. गोलसर कड अशा वेळी क्षमा करते, पण वळणात थोडी सरकते. शर्यतवाल्याला पहिली, तर उड्या मारणाऱ्याला दुसरी अधिक सोयीची.

नाळेची उचल हा या सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणता येईल. नाळ पुढे किती वर वळलेली आहे, यावर नौका लाटेवर चढते की लाटेत घुसते हे ठरते. कमी उचल असलेली नौका वेगवान असते. पण उडीवरून नाळ खाली करून आली की ती पाण्याखाली शिरते आणि मागचा माणूस दांड्यावर फेकला जातो. अधिक उचल असलेली नौका अशा वेळी वर निघते. बोटीमागच्या लाटा एकामागून एक येतात; पहिल्या लाटेवरून उडी घेतलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या लाटेच्या चढावर येऊन पडतो. म्हणून या कामासाठी उचल थोडी अधिक असलेलीच बरी. वेगात जे थोडे कमी पडते, त्याची उडी मारणाऱ्याला फारशी खंत वाटू नये.

यानंतर चालकाचे वजन. आर्किमिडीजचा सिद्धान्त शाळेत सर्वांनी शिकलेला असतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. सव्वादोनशे किलोंची नौका व चालक तरंगावयाचे तर 225 लिटर गोडे पाणी सारले गेले पाहिजे. समुद्राचे पाणी जड, म्हणून तेथे साडेपाच लिटर कमी पुरतात. फरक फार नाही, पण गोड्या पाण्याच्या जलाशयावर नौका समुद्रापेक्षा किंचित खोलच बसणार. अंगाने भारी माणसाने लहान धड घेतले तर संथ गतीत त्याचा मागचा भाग पाण्याखाली जातो, नाळ आकाशाकडे पाहू लागते आणि उभे राहणे जिकिरीचे होते. पन्नास-साठ किलोंच्या माणसाला जे धड चपळ वाटते, तेच नव्वद किलोंच्या माणसाला बुडवे वाटते. दुसऱ्याची शिफारस ऐकताना शिफारस करणाऱ्याचे वजन विचारावे, ते याचसाठी.

धड कशाचे बनविलेले आहे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. कारखान्यातील धडे काचतंतू व राळ यांचे पत्रे साच्यात दाबून बनवितात. ती स्वस्त व एकसारखी होतात, परंतु जड असतात आणि वारंवारच्या आपटण्याने त्यांना तडे जातात. तडे बहुधा नाळेजवळ, पाय ठेवण्याच्या जागेखाली आणि वरचा व खालचा भाग जेथे चिकटविलेला असतो त्या सांध्यावर दिसतात. म्हणून उड्या मारणारे लोक आतून काचतंतूंच्या कापडाचे थर देऊन अशी धडे बळकट करून घेतात. हौशी लोकांसाठी लहान कारखाने कार्बन तंतूंची धडेही करतात. ती हलकी व ताठ असतात. पण किंमत फार, आणि दुरुस्ती जाणकाराच्याच हातची. पहिलीच नौका घेणाऱ्याने या मोहात पडू नये.

पुष्कळांना जुनी नौकाच घ्यावी लागेल. तिची परीक्षा डोळ्यांनी, हातांनी व काट्याने करावी. वरचा रंग नवा असला तर तो का दिला, हे विचारावे. तळावर लाकडी दांडक्याने हलके ठोकीत जावे. जेथे आवाज बद्द येईल तेथे आतील थर सुटलेले असण्याचा संभव असतो. दांड्याची बिजागरी हलवून पाहावी. तळाची जाळी काढून पंखा व त्याभोवतालचे अस्तर तपासावे. कडा खाल्लेल्या असतील तर नौका वाळू-खडे ओढीत चालविलेली आहे असे समजावे. आणि सर्वांत शेवटी तिचे वजन करावे. धडाच्या पोकळीत तरंगण्यासाठी फेस भरलेला असतो. तडा जाऊन पाणी शिरले की हा फेस पाणी धरून ठेवतो. धान्यमंडीतील काट्यावर 139 किलोंची नौका दीडशेच्या फार पुढे भरली, तर इंधन, तेल व नंतर बसविलेले सामान वजा करावे. उरलेला भार पुष्कळदा पाण्याचाच असतो. असा माल स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

उडीच्या वेळीही धड व यंत्र यांचा संबंध सुटत नाही. लाटेच्या माथ्यावर चालक गुडघे दाबून सोडतो व दांडा वर ओढतो, तेव्हा नौका हवेत जाते. तळाची जाळी पाण्याबाहेर आली की पंख्याला ओढावयास पाणी उरत नाही आणि इंजिन मोकळे, भरधाव फिरू लागते. तसेच फिरत ते पाण्यात परतले तर पंख्याच्या दांडीला जबर हिसका बसतो. म्हणून हवेत खटका सोडावा, आणि नौका पाण्यात स्थिरावताच पुन्हा दाबावा. कारण खटक्याशिवाय दिशा नाही, हे आरंभीच सांगितले आहे.

लाट देणाऱ्या बोटीचा चालक ओळखीचा असावा व दोघांचे संकेत आधी ठरलेले असावेत. बोटीच्या थेट पाठीमागे कधीही राहू नये. बाजूने, तिरप्या रेषेत लाटेवर यावे. बोटीतून कोणी पडला किंवा बोट अचानक थांबली, तर थेट मागून येणाऱ्यास वाव उरत नाही. बोटीमागे दोरीने कोणास ओढले जात असेल तेव्हा उडीचा विचारच करू नये. तरंगते जाकीट, शिरस्त्राण आणि मनगटास बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी या तीन गोष्टींवाचून पाण्यात उतरू नये. कमरेखाली जाड रबरी पोशाखही असावा. मागच्या झोताने पडलेल्या माणसाच्या शरीरास आतून गंभीर इजा होऊ शकते. ही गोष्ट उच्चारावयास संकोच वाटला तरी सांगितली पाहिजे.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न, आणि बेटम्याच्या दृष्टीने तोच पहिला. जवळचे मोठे पाणी म्हणजे गंभीर नदीवरील यशवंतसागर. होळकरांच्या राजवटीत बांधलेला हा जलाशय इंदूर शहराला पिण्याचे पाणी पुरवितो, सारस पक्ष्यांचा तेथे वावर आहे, आणि 2022 साली त्याची रामसर पाणस्थळांत गणना झाली. दोन टप्प्यांच्या इंजिनात इंधनाचा मोठा भाग तेलासह न जळताच पाण्यात जातो. जे पाणी लाखो लोकांच्या घशाखाली उतरावयाचे, तेथे हा खेळ खेळणे योग्य नव्हे. भोपाळच्या मोठ्या तलावातही यांत्रिक नौकांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2023 साली मज्जाव केला, तो अशाच विचाराने. खंडवा जिल्ह्यात हनुवंतिया येथे, नर्मदेवरील इंदिरा सागराच्या काठी, 2016 पासून जलमहोत्सव भरत आला आहे. तेथील पाणी विस्तीर्ण आहे. परंतु त्याच पाण्याखाली 2004 साली हरसूद गाव व कित्येक वस्त्या गेल्या. बुडालेली झाडे व भिंती पाणी उतरले की पृष्ठाजवळ येतात, आणि उडीवरून येणाऱ्या नौकेस त्या दिसत नाहीत. स्थानिक नावाड्यास विचारल्याखेरीज तेथे वेग घेऊ नये. यांत्रिक जलयानांच्या नोंदणीसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदाही आहे. त्याची व त्या त्या जलाशयाच्या परवानगीची चौकशी पैसे मोजण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम पाणी निश्चित करावे: ते कोणाचे, किती खोल, आणि तेथे जाण्याची मुभा आहे की नाही. नंतर चालक पाहावा: त्याचे वजन किती व त्याचे शिक्षण कोठवर आले आहे. मग काम ठरवावे: लांबची धाव की उडी. आणि शेवटी धड निवडावे. सामान्य वजनाच्या, नुकत्याच शिकू लागलेल्या माणसास मध्यम लांबीचे, बेताचा कोन व गोलसर कड असलेले, नाळेची थोडी अधिक उचल असलेले आणि आतून मजबूत केलेले धड पुष्कळ वर्षे पुरते. त्याहून आखूड व हलके धड हवे की नाही, हे त्याचे गुडघेच पुढे त्याला सांगतील. लोक बहुधा हा क्रम उलटा करतात. चित्र पाहून नौका घेतात, मग ती चालविण्यास माणूस तयार करू पाहतात आणि सरतेशेवटी पाणी शोधीत हिंडतात. त्यात पैसा जातो, कधी हातपाय जातात, आणि क्वचित प्रसंगी माणूसही जातो. लांबी-रुंदीच्या नुसत्या प्रमाणावरून नौकांस शुभ व अशुभ म्हणणारे जुने पंडित आज कोणास भाबडे वाटतील. पण पाण्यात उतरण्यापूर्वी माप घ्यावे, एवढा त्यांचा उपदेश मात्र आजही तितकाच खरा आहे.